दोन जोडतास आणि नव्वद कागद

मुलांसाठी कादंबऱ्या लिहिणाऱ्याला शाळेतून फोन येतो, तो बहुतेक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, नाहीतर फेब्रुवारीच्या मध्याला. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणून वाचन प्रेरणा दिन. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवस चांगल्या हेतूने ठरवलेले आहेत, आणि त्या निमित्ताने शाळेला लेखक आठवतो हेही कमी नाही. पण त्या दिवशी शाळेला हवा असतो कार्यक्रम. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, आभार. दीड तासात लेखकाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. समोर सतरंजीवर पाचवी ते दहावीची तीनशे मुलं मांडी घालून बसलेली असतात, आणि त्यांतल्या मागच्या निम्म्यांना लेखक दिसतो पण नीट ऐकू येत नाही. पत्र्याच्या छपराचं सभागृह असेल आणि पाऊस लागला, तर पुढच्यांनाही नाही.

मला वाटतं, बारा ते सोळा या वयासाठी लिहिणाऱ्याने शाळेकडे कार्यक्रम मागू नये, तास मागावेत. एकाच वर्गाचे, एकाला लागून एक असे दोन. चित्रकलेला किंवा प्रयोगाला देतात तसा जोडतास. तास पस्तीस मिनिटांचा असला तरी सत्तर मिनिटं हातात येतात, आणि तेवढ्यात वाचनही होतं आणि लिहिणंही. हे दोन तास मधल्या सुट्टीच्या आधीचे असावेत. सुट्टीनंतर पहिली दहा मिनिटं घाम पुसण्यात आणि डबे आत ठेवण्यात जातात, आणि शेवटच्या तासाला दप्तरं भरलेली असतात, कान घंटेकडे असतात. एका दिवशी एकच वर्ग घ्यावा, फार तर दोन. "आलाच आहात तर बाकीच्या तुकड्याही घ्या" असा आग्रह होतो, तो प्रेमाचा असतो. पण तिसऱ्या वर्गात लेखक तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलत असतो, आणि मुलांना ते लगेच कळतं.

वर्ग कोणता, हेही आपण सांगावं. आठवी आणि नववी सगळ्यांत मोकळ्या. सातवीला वाचन आवडतं, पण लांब लिहायला हात लागलेला नसतो. दहावीला वेळ नसतो, आणि मागणंही बरं नाही. महिना जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा नोव्हेंबर. घटक चाचणीचा आठवडा, सहामाहीचा काळ, डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि फेब्रुवारीतली दहावीची प्रात्यक्षिकं एवढं टाळलं की वर्षात सात-आठ आठवडे उरतात. त्यांतला एखादा साधा मंगळवार घ्यावा. शनिवारी शाळा सकाळची आणि अर्धी असते, जोडतास मिळत नाहीत.

जाण्याच्या पंधरा दिवस आधी दोन गोष्टी शाळेत पोचायला हव्यात. पहिली, कादंबरीच्या दोन प्रती वाचनालयासाठी. दुसरी, पहिल्या प्रकरणाच्या झेरॉक्स, बाकाला एक याप्रमाणे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला तेवीस-चोवीस पुरतात. मराठीच्या बाईंनी किंवा सरांनी ते प्रकरण एखाद्या ऑफ तासाला वर्गात वाचून दाखवलं असेल, तर लेखक दारातून आत येतो तेव्हा मुलांकडे आधीच एक तक्रार असते. "त्या मुलाने असं का केलं?" ही तक्रार ओळखीच्या भाषणापेक्षा कितीतरी मोलाची. जो उतारा वर्गात वाचायचा आहे, तोही मुख्याध्यापकांकडे आधी पाठवावा. या वयाच्या कादंबरीत पाळी येते, पहिलं प्रेम येतं, जात येते, आईवडिलांचं वेगळं होणं येतं, नापास होणं येतं. या विषयांवर बोलायला शाळा तयार नसते असा आपला समज असतो, पण बऱ्याचदा शाळेची भीती एवढीच असते की आयत्या वेळी काहीतरी ऐकावं लागेल. उतारा आधी वाचलेला असला की ती भीती जाते. नको म्हणाले तर दुसरा उतारा न्यावा. होकार नसताना वर्गात गुपचूप वाचू नये. त्याचा त्रास पुढे मराठीच्या बाईंना होतो.

वाचायला किती वेळ? बारा मिनिटं. वर्गात मोठ्याने, सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात. म्हणजे दीड हजार शब्दांच्या आत, डेमी आकाराच्या पुस्तकाची पाच-सहा पानं. त्याहून लांब वाचलं की आधी बाकं वाजायला लागतात, मग पेनांची टोपणं. उतारा निवडताना बहुतेक जण आपलं आवडतं वर्णन निवडतात. ते वर्णन घरी वाचणाऱ्यासाठी आहे. वर्गात चालतो तो दोन माणसांतला प्रसंग, ज्यात एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा ते देत नाहीये. आणि आधीची गोष्ट जास्तीत जास्त चार वाक्यांत सांगून होईल अशी जागा हवी. पार्श्वभूमी सांगायला पाच मिनिटं लागत असतील तर उतारा चुकीचा आहे.

वाचण्याची प्रत वेगळी तयार करावी, पुस्तकातून वाचू नये. सोळा पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला, आणि वाक्य संपेल तिथेच पान संपेल अशी. पान उलटताना वाक्य तुटलं की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ. "तो म्हणाला", "ती म्हणाली" यांतले निम्मे या प्रतीत खोडून टाकावेत. मराठीत ही सोय आहे: "मी येतो" आणि "मी येते" यातूनच बोलणारा कोण ते कळतं, आणि उरलेलं काम आवाजातल्या छोट्या फरकाने होतं. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढू नये. मुलं मग गोष्ट सोडून आवाज ऐकायला लागतात. उभं राहायचं ते टेबलाच्या पुढे. खिडकी पाठीशी असली तर चेहरा काळा दिसतो, म्हणून जागा बदलावी. पंखे खडखडत असतील तर बारा मिनिटं बंद करायला सांगावेत. माईक वर्गात घेऊच नये. "प्रेम" हा शब्द आला की आठवीच्या वर्गात खसखस पिकते. तिथे क्षणभर थांबावं, रागवू नये, आणि पुढचं वाक्य आधीपेक्षा हळू आवाजात वाचावं. वर्ग आपोआप खाली येतो.

थांबायची जागा घरीच ठरवलेली असावी आणि पुढची पानं वर्गात नेऊच नयेत. "पुढे वाचा ना" असं मुलं म्हणतात तेव्हा मोह होतो, आणि मोहाने वाचलेली पुढची दोन पानं सगळं सैल करतात. निकाल लागायच्या एक वाक्य आधी थांबावं आणि पुस्तक कुठे आहे ते सांगावं: "पुढचं तुमच्या वाचनालयाच्या कपाटात आहे, दोन प्रती आहेत." हे सांगण्याआधी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवलेलं असावं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत असं लिहिलेलं आहे. बऱ्याच शाळांत पुस्तकं असतातही. पण ती कुलपात असतात, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्यावर प्रत्येक पुस्तकाच्या हिशोबाची जबाबदारी असते, म्हणून कुलूप निघत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं कपाट उघडं ठेवा, एवढी एक विनंती शाल-श्रीफळाऐवजी करावी. ती सहसा मान्य होते.

प्रश्नोत्तरांचं मात्र मला नेहमी वाटतं की ती वाचनानंतर लगेच घेऊ नयेत. "विचारा, विचारा" असं शिक्षक म्हणतात, पहिल्या बाकावरची दोन हुशार मुलं "तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?" असं विचारतात, आणि बाकीचा वर्ग गप्प राहतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या घ्याव्यात, नाव न लिहिता. चिठ्ठीतले प्रश्न खरे असतात. "एका पुस्तकाचे किती पैसे मिळतात?" "कंटाळा आल्यावर काय करता?" "मुलीचं नाव तुमच्या ओळखीतल्या मुलीचं आहे का?" पैशाच्या प्रश्नाला फळ्यावर गणित मांडून उत्तर द्यावं. समजा पुस्तक २०० रुपयांचं, आवृत्ती हजार प्रतींची, मानधन दहा टक्के. म्हणजे एका प्रतीमागे वीस रुपये, सगळी आवृत्ती संपली तर वीस हजार, आणि संपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. मुलं पहिल्यांदा पुस्तकाकडे कुणीतरी केलेलं काम म्हणून बघतात. टाळाटाळ केली तर तो प्रश्न घाणेरडा होता असं त्यांना वाटून जातं.

आता कार्यशाळेबद्दल. खरं काम तिथे असतं आणि सगळ्यांत जास्त चुकाही तिथेच होतात.

मराठी माध्यमातलं आठवी-नववीचं मूल लिहायला घेतं तेव्हा त्याच्या हाताला आधीच एक वळण लागलेलं असतं. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन असतं, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असतं, आणि त्याची तयारी खालच्या वर्गांपासून सुरू होते. मुद्दे द्यायचे, कथा लिहायची, शीर्षक द्यायचं, तात्पर्य द्यायचं. शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना एक साचा लागतो, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या साच्यातून "सकाळची प्रसन्न वेळ होती", "पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता", "निसर्गाचे रम्य रूप पाहून माझे मन हरखून गेले" अशी वाक्यं तयार मिळतात. ती कुणाचीच नसतात. शेवटी एक तर बोध असतो, नाहीतर "इतक्यात आईने हाक मारली आणि मी स्वप्नातून जागा झालो". हे लिहिणाऱ्या मुलाकडे बघण्यासारखं काही नसतं असं अजिबात नाही. बघितलेलं वहीत लिहायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. कार्यशाळेत तेवढंच सांगायचं आहे, आणि ते भाषणाने सांगता येत नाही.

सामान थोडं लागतं. रेघांचे सुटे कागद, दर मुलाला दोन. पंचेचाळीस मुलांना नव्वद, वर दहा जास्तीचे. वही चालत नाही. वहीत मूल आधीचं पान बघून सुंदर अक्षर काढायला लागतं, आणि वही तपासली जाणार हे त्याला माहीत असतं. हिरवी किंवा निळी पेनं दहा-बारा. लाल नको, लाल शाई म्हणजे चूक. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगावा: खोडायचं तर एकच आडवी रेघ, म्हणजे खालचं वाक्य वाचता येतं आणि परत घेता येतं. आणि लिहायचं एक ओळ सोडून. ती मोकळी ओळ दुसऱ्या हातासाठी आहे, हे तेव्हाच सांगू नये.

सुरुवात तोंडी, सात मिनिटं. फळ्यावर लिहावं: "पाणी दे." हेच म्हणायचंय, पण चार जणांनी. शेतातून किंवा कामावरून आलेली आई, रुसलेला भाऊ, पहिल्यांदाच घरी आलेले पाहुणे, आणि आजी. एकेक ओळ. मग अट घालायची: आता "पाणी" हा शब्द न वापरता. "घसा नुसता कोरडा पडलाय गं." "तांब्या कुठंय?" "नाही नाही, काही नको, राहू दे." संवाद म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि इथेच बोलीचा दरवाजा उघडावा. आजी पुस्तकासारखं बोलत नाही. "कुठे चाललास?" हे कोल्हापूरकडे "कुठं चाललाईस?" होतं, मालवणीत "खंय चललंस?", वऱ्हाडीत "कुठी चालला रे?", अहिराणीत "कथा चालना?" आपल्या घरचं बोलणं कागदावर लिहिलं तर मार्क जातात, ही समजूत इतकी पक्की असते की परवानगी दोनदा द्यावी लागते, आणि शिक्षकांच्या देखत द्यावी लागते. "केले लिहू की केलं?" असा प्रश्न हमखास येतो. बोलण्याची भाषा लिहिताना "केलं", "झालं" असा अनुस्वार द्यायला साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही जागा आहे, हे शिक्षकांना ठाऊक असतं. मुलांना ते त्यांच्याच तोंडून कळू द्यावं. घरी पावरी, गोंडी किंवा हिंदी बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांनाही तेच: आजीचं वाक्य आजीच्या भाषेत, बाकीचं मराठीत.

मग मुख्य काम. विषय देताना फार जपावं लागतं. "सुट्टीतला प्रवास" म्हटलं की वर्गाचे दोन भाग होतात, प्रवासाला गेलेले आणि न गेलेले. "माझी आई", "माझे बाबा" यात ज्याच्या घरी ती नाही, त्याला सगळ्यांसमोर खोटं लिहावं लागतं. "माझी आवडती वस्तू" यात मोबाइल आणि सायकल यांची स्पर्धा लागते. शाळेत यायची वाट मात्र प्रत्येकाला असते, आश्रमशाळेतल्या मुलालाही वसतिगृहापासून वर्गापर्यंतची असते. म्हणून: वाटेवरची एक जागा घ्या. तिथे एक माणूस उभा आहे, तो कुणाची तरी वाट बघतोय. कुणाची, ते सांगायचं नाही. बारा मिनिटं, दहा-बारा ओळी. घड्याळ फळ्याशेजारी ठेवावं आणि वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी सांगावं.

या बारा मिनिटांत लेखकाने फिरू नये. मान खाली घालून स्वतःही लिहावं. बाकाशी कुणी उभं राहिलं की हात थांबतो. शिक्षकांनाही ही विनंती आधीच करावी, कारण सवयीने ते बाकाबाकातून जातात आणि "ऱ्हस्व काढलास" म्हणून टिचकी मारतात. "वीजमधला 'वि' पहिला की दुसरा?" या प्रश्नाला उत्तर: "आत्ता कुठलाही चालेल, शेवटी बघू." चौथ्या मिनिटाला ज्याचा कागद कोरा आहे, त्याच्यापाशी तेवढं जावं आणि हळूच एकच प्रश्न विचारावा: "माणूस उभा आहे की बसलाय?" तो उत्तर देतो, तेच लिहायला सांगावं. पाचव्या मिनिटालाच "झालं" म्हणून हात वर करणाऱ्याला आणखी लिही म्हणू नये. त्या माणसाच्या पायात काय आहे, ते विचारावं.

नंतर जोड्या. इथे एक साधा फरक करायचा: आपलं आपण वाचायचं नाही. शेजाऱ्याने माझा कागद मोठ्याने वाचायचा, मी ऐकायचा. लिहिणारा स्वतः वाचतो तेव्हा जे लिहायचं राहिलं तेही त्याच्या डोक्यातून वाचतो. शेजारी अडखळतो तिथे वाक्य अडखळलेलं असतं, आणि ते दोघांनाही ऐकू येतं. वाचून झाल्यावर शेजाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: मला कुठे चित्र दिसलं, आणि मला काय कळलं नाही. "छान आहे" चालणार नाही. वर्गात आवाज वाढतो, वाढू द्यावा. आठ मिनिटं.

दुसरा कागद आता वाटायचा. इथे बऱ्याच कार्यशाळा फसतात. "आता सुधारून पुन्हा लिहा" म्हटलं की मुलं तेच वाक्य तसंच्या तसं, जास्त चांगल्या अक्षरात उतरवून काढतात. पुनर्लेखन म्हणजे फेअर करणं, अशी त्यांची ठाम समजूत असते. म्हणून सगळं पुन्हा लिहायला सांगूच नये. फक्त पहिल्या तीन ओळी. आणि त्यासाठी तीन प्रश्न फळ्यावर: किती वाजले होते? त्याच्या हातात काय होतं? तो गरीब किंवा दुःखी आहे, हे तुला कशावरून कळलं?

समजा, पहिल्या कागदावर असं आहे: "सकाळची प्रसन्न वेळ होती. एसटी स्टँडवर खूप गर्दी होती. एक गरीब म्हातारा माणूस बसची वाट पाहत होता." तीन प्रश्नांची उत्तरं देता देता त्याचं असं होऊ शकतं: "सव्वासातची परभणी गाडी लागली तरी म्हातारा उठला नाही. त्याने पिशवीतला डबा उघडून बघितला आणि पुन्हा झाकण लावलं." "गरीब" गेला, "प्रसन्न" गेली, आणि तो कुणासाठी तरी डबा घेऊन आलाय हे न सांगता कळलं. असा एक नमुना फळ्यावर सगळ्यांनी मिळून करावा, वर्गातल्या कुणाचा कागद न घेता. मग मुलांना आपापल्या तीन ओळींकडे सोडावं. मोकळ्या सोडलेल्या ओळी इथे उपयोगी पडतात. दुसरा कागद ज्यांना जड जातो, ते तिथेच हिरव्या पेनाने बदल करतात.

शेवटाचं काम यापेक्षा सोपं आहे. शेवटच्या दोन ओळींवर एक आडवी रेघ मारायची आणि त्या झाकून गोष्ट वाचायची. तिथेच संपली असं वाटलं तर संपली. बहुतेक वेळा झाकलेल्या ओळींत बोध असतो, आणि तो झाकल्यावर वर्गात कुणालाच काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. परीक्षेत मात्र तात्पर्य लिहा, हेही स्पष्ट सांगावं. मुलाचे मार्क घालवायला लेखक शाळेत आलेला नाही.

वाचून दाखवायला पाचच मुलं, आणि तीही स्वतःहून तयार झालेली. वर्गातलं "चांगलं लिहिणारं" मूल शिक्षक पुढे करतात. त्याचंही ऐकावं, पण सगळ्यांत आधी नको. आणि वाचायचं फक्त त्या तीन ओळी, आधीच्या आणि नंतरच्या. टाळ्या एकदाच, शेवटी.

एक गोष्ट मनाशी पक्की करूनच वर्गात जावं. मोकळा कागद दिला की कधीतरी एखादं मूल त्यावर असं काही लिहितं, जे गोष्ट नसतं. घरातली मारहाण, अंगाला कुणीतरी केलेला स्पर्श, जगायचं नाही असं वाटणं. तो कागद वर्गात वाचायचा नाही, त्यावर शेरा मारायचा नाही, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही आणि पाळूही नये. वर्ग संपताच मुख्याध्यापकांशी समक्ष बोलावं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या कुणावरही ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकलेली आहे, पाहुण्या लेखकावरही. मुलांसाठीची १०९८ ही मोफत हेल्पलाइन फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यापासून लिहून ठेवावी, काही न बोलता. वर्गात शिक्षक पूर्ण वेळ थांबतील हे आधीच ठरवून घ्यावं. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत.

एका दिवसाच्या सहा तासांच्या शिबिरापेक्षा चार आठवड्यांत चार जोडतास केव्हाही चांगले. जेवणानंतरचे तीन तास कुणीच लिहीत नाही. आणि मधल्या सात दिवसांत मूल वाटेवरच्या त्या माणसाकडे पुन्हा बघतं. चार वेळा जाता येत असेल तर शेवटी हस्तलिखित करावं. आपल्या शाळांची ही फार जुनी आणि फार सुंदर रीत आहे, आणि अजूनही कितीतरी शाळांच्या कपाटात १९६०-७०च्या सालातली हस्तलिखितं कापडी बांधणीत पडून असतात. ती काढून मुलांना दाखवावीत. त्यांच्याच शाळेतल्या कुणीतरी, त्यांच्याच वयात लिहिलेलं. हस्तलिखितात दोन गोष्टी बिघडतात. ज्याचं अक्षर चांगलं त्याचाच मजकूर घेतला जातो, आणि शिक्षक मजकूर "सुधारून" देतात. म्हणून लिहिणारे वेगळे आणि उतरवणारे वेगळे असे गट करावेत, आणि शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या पेन्सिलने, लिहिणाऱ्याला दाखवून.

एवढा वेळ नसेल तर आठ पानांचं पुस्तक. ए-फोर कागद आडवा धरून डावी कड उजव्या कडेवर आणायची, पुन्हा तसंच, मग वरून खाली एकदा. उघडला की आठ चौकोन दिसतात. आता फक्त पहिली घडी परत घालायची आणि घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवर, पुढच्या उभ्या रेषेपर्यंत एक काप. काप मोकळ्या कडेकडून घेतला तर पुस्तक होत नाही, आणि दर वर्गात चार-पाच जणांकडून तो तसाच जातो, म्हणून जास्तीचे कागद. कागद उघडायचा, लांबीने दुमडायचा, दोन्ही टोकं मध्ये ढकलायची की पानं उभी राहतात. पानांना आकडे घातल्याशिवाय लिहायला सुरुवात करू देऊ नये, नाहीतर निम्मी पानं उलटी येतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून सहा पानं उरतात, पानाला तीन ओळी. ज्याला लांब लिहायची भीती वाटते, त्याला सहा पानं सहज जमतात.

मानधनाबद्दल संकोच करू नये आणि आधी बोलावं. प्रवासखर्च, जोडतासाचं मानधन आणि कागद तपासायचे तीन तास, असे तीन भाग शाळेला सांगावेत. ज्या शाळेकडे पैसे नाहीत तिथे तेवढ्या रकमेची पुस्तकं घ्यायला सांगता येतं. यादी द्यावी, आपली दोनच, बाकी दुसऱ्यांची. बालभारतीचं "किशोर" मासिक नोव्हेंबर १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हे कितीतरी शिक्षकांना सांगावं लागतं. वर्गात पुस्तकविक्री करू नये. पन्नास मुलांतली बारा मुलं विकत घेतात आणि अडतीस मुलं बघत राहतात.

आणि ते तीन तास. गोळा केलेले कागद परत द्यायचे असतील तरच गोळा करावेत. पंचेचाळीस मुलांचे कागद, एकेकाला चार मिनिटं. मार्क नाहीत, "उत्तम" नाही. एका वाक्याखाली हिरवी रेघ, जे वाक्य त्या मुलाशिवाय कुणी लिहिलं नसतं, आणि खाली एक प्रश्न. "डब्यात काय होतं?" "ही बाई रोज याच वेळी येते का?" काही कागदांत असं वाक्य सापडायला सातव्या ओळीपर्यंत जावं लागतं, काहींत एकच शब्द सापडतो. तो सापडेपर्यंत कागद खाली ठेवू नये. पंधरा दिवसांच्या आत पाकीट शाळेत पोचावं, कागद हजेरी क्रमांकाप्रमाणे लावलेले, पहिला आणि दुसरा एकत्र टाचलेले. त्या दिवशी जी मुलं गैरहजर होती, त्यांची नावं वर्गशिक्षकांकडून आधीच लिहून आणलेली असतात. त्यांच्या क्रमांकाच्या जागी दोन-दोन कोरे कागद ठेवावेत, वर नाव घालून, आणि पहिल्या ओळीत लिहावं: शाळेच्या वाटेवर एक माणूस कुणाची तरी वाट बघत उभा आहे.